जुनी जर्मन मुलाम्याची चांदी: काटे, चमचे आणि टेबलावरची भांडी जमवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी तिथल्या जुन्या बाजारातून कधी ना कधी मखमली पेटीतला काटे-चमच्यांचा संच उचलतात. इकडे मुंबईच्या चोर बाजारात, क्वचित पुण्याच्या जुन्या बाजारातही एखादा जर्मन ठशाचा चमचा हाती लागतो. घरी आणल्यावर जे प्रश्न पडतात आणि पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. पहिली चार उत्तरे क्रमाने वाचावीत. पुढची हवी तशी चाळली तरी चालतील.

ही खरी चांदी आहे का?

वरचा थर खऱ्या चांदीचा, आतला गाभा दुसऱ्या धातूचा. विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवलेल्या वस्तूंबद्दलच हे पान आहे. आपल्याकडे चांदीची वस्तू म्हटले की पहिला प्रश्न वजनाचा येतो आणि दुसरा मोडीचा. ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते. या वस्तू रोज जेवायला वापरायच्या म्हणून घडवल्या गेल्या आणि त्यांची किंमत घडणीत, नमुन्यात आणि थराच्या जाडीत आहे. हे एकदा पटले की पुढचे बरेच गोंधळ आपोआप सुटतात.

चमच्यामागे ९० असे कोरले आहे. म्हणजे ९० टक्के चांदी ना?

नाही. सर्वांत जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

९० म्हणजे ९० ग्रॅम. जुन्या जर्मन पद्धतीप्रमाणे जेवणाचे १२ चमचे आणि १२ काटे, अशा २४ नगांवर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली, ते हा आकडा सांगतो. म्हणजे एका चमच्यावर सरासरी पावणेचार ग्रॅम चांदी. पुढे हेच माप पृष्ठभागाच्या हिशेबाने बांधले गेले: २४ चौरस डेसिमीटरवर ९० ग्रॅम. चांदीची घनता साधारण साडेदहा (घन सेंटिमीटरला ग्रॅम) धरून भागाकार केला, तर थराची जाडी सुमारे ३६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ३६ हजारांश, येते. १०० चा ठसा असेल तर सुमारे ४० मायक्रॉन आणि १५० चा असेल तर ६० च्या आसपास. आकडा जितका मोठा, तितका मुलामा टिकाऊ.

पुष्कळदा ९० च्या शेजारी आणखी एक छोटा आकडा असतो, उदाहरणार्थ ४५. त्या विशिष्ट प्रकारच्या एक डझन नगांवर किती ग्रॅम चांदी आहे, ते हा दुसरा आकडा दाखवतो. जेवणाच्या मोठ्या चमच्यावर तो ४५ असतो. चहाच्या चमच्यावर तो बराच लहान दिसतो, कारण चमचाच लहान. लहान आकडा पाहून 'हा हलका माल' असे समजू नये. तुलना करायची ती पहिल्या आकड्याची.

बाजारात काही विक्रेते 'नव्वद टक्के सिल्व्हर' असे छातीठोकपणे सांगतात. काहींचा तसा खरोखरच समज असतो. दोन्ही प्रसंगी नम्रपणे मान डोलवावी आणि भाव मुलाम्याचाच द्यावा.

मग अस्सल जर्मन चांदी कशी ओळखायची?

चंद्रकोर आणि मुकुट शोधा. १८८४ साली जर्मन साम्राज्याने चांदीच्या शुद्धतेबद्दल कायदा केला आणि १ जानेवारी १८८८ पासून तो लागू झाला. त्यानंतरच्या घन चांदीच्या वस्तूंवर चंद्रकोर, राजमुकुट, हजारी शुद्धतेचा आकडा आणि कारखान्याचा ठसा असे एका ओळीत आढळते. आकडा बहुधा ८००, कधी ८३५, कधी ९२५. लक्षात ठेवायला सोपे आहे: तीन आकडी आणि ८०० किंवा त्याहून मोठा असेल तर घन चांदी. ९०, १०० किंवा १५० असेल तर मुलामा.

वस्तू सराफाकडे नेणार असाल, तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका आणि तेजाबाचा थेंबही टाकू देऊ नका. ३६ मायक्रॉनच्या थराला तो ओरखडा कायमचा पडतो. लोहचुंबकाचाही उपयोग नाही. चांदी चुंबकाला चिकटत नाही आणि आतला मिश्रधातूही सहसा चिकटत नाही. ठसे भिंगातून वाचणे हीच खरी परीक्षा.

आतला धातू कोणता असतो? आमच्या आजीकडची 'जर्मनची' भांडी तीच का?

आजीकडचे 'जर्मनचे' पातेले म्हणजे ॲल्युमिनियम. त्याचा या विषयाशी संबंध नाही. देवघरासाठी हल्ली 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जी तबके आणि निरांजने विकतात, त्यांचे मात्र थोडे नाते आहे.

जर्मन काटे-चमच्यांचा गाभा बहुधा तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा असतो. त्यात साधारण ६० टक्के तांबे असते आणि चांदी कणभरही नसते. युरोपाला हा धातू आधी चीनमधून येणाऱ्या मालामुळे माहीत होता, पण तो बनवण्याची रीत ठाऊक नव्हती. १८२३ च्या सुमारास प्रशियातील उद्योगसंवर्धन मंडळाने चांदीसारख्या दिसणाऱ्या धातूसाठी बक्षीस लावले. त्याच काळात सॅक्सनीत अर्न्स्ट ऑगस्ट गाइटनर याने 'आर्गेन्टान' सिद्ध केला, तर बर्लिनच्या हेनिगर बंधूंनी 'नॉयझिल्बर', म्हणजे नवी चांदी, बाजारात आणली. 'अल्पाका' हे याच कुळातले आणखी एक व्यापारी नाव. वस्तूवर नुसते 'अल्पाका' असेल आणि ग्रॅमचा आकडा नसेल, तर तिच्यावर मुलामा असेलच असे नाही.

चहादाण्या, तबके, फुलदाण्या यांच्यात मात्र पितळही सापडते आणि ब्रिटानिया धातूही, म्हणजे कथील, अँटिमनी आणि थोडे तांबे. टिचकी मारून पाहावे. नॉयझिल्बर घणघणते, ब्रिटानिया बद्द वाजतो. हा फरक पुढे दुरुस्तीच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो.

मुलामा चढवण्याची ही कला जर्मनीत कशी आली?

या कथेचा नायक आहे वेर्नर सीमेन्स. होय, वीज आणि तारायंत्रांच्या सीमेन्स कंपनीचा संस्थापक. तो तेव्हा प्रशियाच्या तोफखान्यात तरुण अधिकारी होता. एका द्वंद्वयुद्धात मित्राचा साक्षीदार म्हणून उभा राहिला आणि माग्डेबुर्गच्या किल्ल्यात कैदेत पडला. कोठडीत त्याने रसायने मागवून छोटी प्रयोगशाळा थाटली. तिथे नॉयझिल्बरचा एक चहाचा चमचा बॅटरीला जोडून सोन्याच्या द्रावणात बुडवला, तेव्हा काही मिनिटांत तो चमचा लखलखीत सोनेरी झाला. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या आनंदांपैकी तो एक होता, असे त्याने म्हातारपणी आठवणींत नोंदवले आहे. शिक्षा माफ झाल्याचे कळले तेव्हा प्रयोग अर्धवट राहणार म्हणून त्याला वाईटच वाटले.

१८४२ मध्ये त्याला सोन्या-चांदीचा मुलामा विजेने चढवण्याचे प्रशियन पेटंट मिळाले. मग त्याने बर्लिनच्या हेनिगर यांच्या त्याच नॉयझिल्बर कारखान्याशी करार करून मुलाम्याचे खाते उभारले. धाकटा भाऊ विल्हेल्म इंग्लंडला गेला आणि तिथे ही रीत बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांना विकून आला. एल्किंग्टन यांच्याकडे १८४० पासूनचे स्वतःचे पेटंट होते, तरीही त्यांनी ती घेतली. सीमेन्स बंधूंना पहिली मोठी कमाई या मुलाम्याने करून दिली. जुना जर्मन चमचा हातात धरताना ही गोष्ट ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

कोणत्या कारखान्यांची नावे शोधावीत?

सर्वांत जास्त सापडते ते डब्ल्यू.एम.एफ., म्हणजे व्युर्टेम्बर्गची धातुवस्तू फॅक्टरी. गाव गाइसलिंगेन, श्टुटगार्ट आणि उल्मच्या मधले. मुंबईचे भगिनीशहर असलेल्या श्टुटगार्टमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना रेल्वेने सहज जाता येते. त्या रेल्वेचाच या कारखान्याशी जन्मसंबंध आहे. गाइसलिंगेनचा अवघड चढ बांधला जात असताना डॅनियल श्ट्राउब हा तिथला गिरणीवाला यंत्रदुरुस्तीच्या धंद्यात शिरला आणि १८५३ मध्ये त्याने भागीदारासह धातूच्या भांड्यांचा कारखाना काढला. १८८० मध्ये एस्लिंगेनची रिटर कंपनी त्यात मिळाली आणि डब्ल्यू.एम.एफ. उभी राहिली. जुन्या ठशांत शहामृग दिसतो, कारण जर्मनमध्ये शहामृगाला 'श्ट्राउस' म्हणतात आणि मालकाचे नाव श्ट्राउब.

या कारखान्याची खरी कमाल तांत्रिक आहे. चमचा झिजतो कुठे? टेबलावर टेकणाऱ्या जागी: वाटीच्या पाठीवर आणि दांड्याच्या टोकाखाली. १८९२ पासून त्यांनी नेमक्या याच जागी जादा चांदी चढवण्याची पेटंट रीत वापरली. त्यामुळे शंभर वर्षे वापरलेल्या चमच्याची पाठही पुष्कळदा शाबूत सापडते. शिवाय आल्बर्ट मायर यांच्या देखरेखीखालच्या कलाविभागाने १९०० च्या आसपास आर्ट नूव्हो शैलीची जी तबके, फुलदाण्या, कार्ड ठेवायच्या थाळ्या केल्या, लांब केसांच्या स्त्रिया आणि वळणदार वेली असलेल्या, त्यांना आजही जगभर मागणी आहे.

दुसरे मोठे नाव सॅक्सनीतील आउए गावचे ऑगस्ट वेलनर, स्थापना १८५४. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला आणि कारखाना सरकारी झाला. ब्रेमेन हे चांदीकामाचे जुने शहर: विल्केन्स १८१० चे, कोख उंड बेर्गफेल्ड १८२९ चे, आणि बी.एस.एफ. १९०५ चे. हाइलब्रोनचे ब्रुकमान १८०५ पासून. त्याच घराण्यातले पेटर ब्रुकमान १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन वेर्कबुंड या कलाकार-कारखानदारांच्या संघटनेचे पुढे अध्यक्ष झाले. फ्लेन्सबुर्गचे रॉबे उंड बेर्किंग १८७४ चे आणि आजही चालू. त्यांचा १५० ग्रॅमचा मुलामा नावाजलेला आहे.

बेर्नडॉर्फ हे नाव जर्मन म्हणून विकले जाते, पण ते ऑस्ट्रियातले. १८४३ मध्ये शोलर आणि क्रुप घराण्यांनी काढलेला हा कारखाना होता. माल उत्तम, फक्त यादीत वेगळा लावावा.

वस्तू किती जुनी हे कसे ठरवायचे?

ठशाशेजारची बारीक अक्षरे वाचा. रोमन अक्षरांत डी.आर.पी. असेल तर साम्राज्याचे पेटंट, म्हणजे १८७७ नंतरची वस्तू. डी.आर.जी.एम., म्हणजे साम्राज्यात नोंदवलेला उपयुक्त नमुना, असेल तर १८९१ नंतरची. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर निर्यातीच्या मालावर येऊ लागली. 'वेस्ट जर्मनी' असेल तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. तिला कोणी शंभर वर्षांची म्हणत असेल तर पुढे चला.

सुरीचे पाते हा दुसरा साक्षीदार. क्रुप या जर्मन पोलाद कंपनीचे न गंजणाऱ्या पोलादाचे पेटंट १९१२ चे, पण जेवणाच्या सुऱ्यांत ते रुळले पहिल्या महायुद्धानंतर. पात्यावर 'रोस्टफ्राय', म्हणजे न गंजणारे, असे लिहिले असेल तर संच १९२० च्या दशकाच्या आधीचा नसण्याचीच शक्यता जास्त. अपवाद एकच: पुष्कळ घरांनी जुन्या मुठींत नवी पाती बसवून घेतली आहेत. त्यामुळे सुरीवरून काढलेले साल काट्या-चमच्यांशी ताडून पाहावे.

पात्यांवर गंज आहे. संच सोडून द्यावा का?

अजिबात नाही. गंजणारे पाते हा जुनेपणाचा पुरावा आहे. त्यावर सोलिंगेन, म्हणजे पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर, हे नाव असेल तर फारच छान. पाते पुसून कोरडे करावे, खाण्याच्या तेलाचा पुसट हात लावावा. खोल खड्डे पडले असतील तरच पाते बदलण्याचा विचार करावा.

इतक्या प्रकारचे चमचे कशासाठी?

इथे या छंदाची खरी गोडी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन मध्यमवर्ग सुस्थितीत आला. घन चांदी परवडत नव्हती, पण टेबल मात्र सरदारासारखे मांडायचे होते. कारखान्यांनी ती हौस ओळखली आणि प्रत्येक पदार्थाला वेगळे हत्यार दिले.

केकचा काटा पाहा. त्याचा एका कडेचा दाता रुंद असतो, सुरीसारखा, कारण दुपारच्या कॉफीबरोबर केक खाताना सुरी घेत नाहीत. त्या दात्यानेच तुकडा पाडायचा. मासळीची सुरी बोथट आणि रुंद असते. ती चांदीच्या मुलाम्याची करण्याचे कारणही व्यवहारी आहे: मासळीवर लिंबू पिळले की जुन्या साध्या पोलादाची चव मासळीला लागत असे. शतावरीच्या पांढऱ्या कोंबांसाठी रुंद जाळीचा उचलणा असतो. या कोंबांचा जर्मन हंगाम वसंतात सुरू होऊन २४ जूनला संपतो, म्हणजे ही वस्तू वर्षात जेमतेम दोन महिने वापरली जाई. म्हणूनच ती अनेकदा नव्यासारखी सापडते. साखरेचा चिमटा, मोक्का कॉफीचे इवलेसे चमचे, सुरी टेकवायचे छोटे बाक, सूपचा डाव, केक उचलायची पळी... यादी लांब आहे.

एक गोष्ट नव्या लोकांना चकवते. जुना जर्मन जेवणाचा चमचा सुमारे २१ सेंटिमीटर लांब आणि चांगला भरदार असतो. पाहणाऱ्याला तो वाढायचा वाटतो. तो सूप पिण्याचाच आहे.

नमुन्यांची कोणती नावे माहीत असावीत?

'आउग्सबुर्गर फाडेन' म्हणजे कडेने दोऱ्यासारखी दुहेरी रेघ. 'श्पाटेन' म्हणजे फावड्याच्या आकाराचे साधे टोक. 'क्रॉयत्सबांड' म्हणजे रेघांना फितीची फुली. हे नमुने अनेक कारखान्यांनी काढले, त्यामुळे दोन कारखान्यांचे नग एका टेबलावर फारसे विजोड दिसत नाहीत. संच पुरा करायला सोपे जाते.

'हिल्डेसहाइमची गुलाबवेल' हा नमुना माझा विशेष आवडता. हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर हजार वर्षांची म्हणून सांगितली जाणारी गुलाबाची वेल आहे. २२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल कोसळले, वेल जळाली, पण ढिगाऱ्याखालच्या मुळांतून तिला पुन्हा धुमारे फुटले. या नमुन्याच्या दांड्यावर तीच गुलाबे उमटलेली असतात.

साधेपणा आवडणाऱ्यांनी विल्हेल्म वागेनफेल्ड या जर्मन डिझायनरने १९५० च्या दशकात डब्ल्यू.एम.एफ. साठी केलेले काम जरूर पाहावे.

विकत घेताना नेमके काय तपासावे?

भर उजेडात न्या आणि पाठ पाहा. वाटीच्या पाठीवर पिवळसर राखाडी डाग म्हणजे नॉयझिल्बर उघडे पडले. लालसर म्हणजे तांबे, गडद पिवळा म्हणजे पितळ. काळा रंग पाहून घाबरू नका, तो निघतो. झीज निघत नाही.

काट्याचे दाते एकाच लांबीचे आहेत का ते पाहा, डाव्या-उजव्या दात्यांची टोके झिजलेली असतील तर काटा फार वापरला गेला. सुरी हलकेच हलवून बघा. पोकळ मुठीत आत भरलेले लुकण सुटले असेल तर खुळखुळ ऐकू येते. चहादाणीचा सांधा, बिजागरी आणि नळीचे मूळ पाहा. आत पाणी घालून पाहण्याची परवानगी मागायला लाजू नका.

पेटीच्या प्रेमात पडू नका. पेटी एका कारखान्याची आणि आतले नग तिघांचे, असे सर्रास असते.

दांड्यावर कोणाची तरी आद्याक्षरे आहेत. घ्यावे का?

बहुधा ती लग्नात मुलीबरोबर दिलेल्या संचाची असतात. मला अशी आद्याक्षरे खोडून टाकलेली पाहवत नाहीत. शिवाय खोडताना मुलामाही जातो. संच आहे तसाच घ्यावा.

पण घन चांदीवर जुनी आद्याक्षरे दिसली, तर एक इतिहास ठाऊक असायला हवा. २१ फेब्रुवारी १९३९ च्या नाझी हुकुमाने जर्मनीतील ज्यूंना घरातले सोने, चांदी, प्लॅटिनम आणि रत्ने सरकारी गहाणखात्यांत जमा करायला भाग पाडले. लग्नाची अंगठी, माणशी दोन वापरलेले चार नगांचे जोड, म्हणजे सुरी, काटा, मोठा चमचा, छोटा चमचा, अशा मोजक्याच वस्तू ठेवायची मुभा होती. शाबाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, समया आणि पिढ्यान्पिढ्या वापरलेले पेले कवडीमोलाने गेले, बहुतेक वितळवले गेले. त्यातून वाचलेले काही संग्रहालयांत पोहोचले. म्युनिकचे बव्हेरियन राष्ट्रीय संग्रहालय अलीकडे अशा वस्तूंचे मूळ मालक शोधून त्यांच्या वारसांना त्या परत करत आहे.

तो हुकूम मौल्यवान धातूंसाठी होता, मुलाम्याच्या वस्तू त्याच्या रोखाखाली नव्हत्या. तरीही वस्तू कुठून आली हे विक्रेत्याला विचारावे. ज्याच्याकडे घराण्याची माहिती आहे, तो आनंदाने सांगतो. ती लिहून वस्तूबरोबर ठेवावी.

नाझी चिन्ह असलेले काटे-चमचे मिळतात. ते जमवावेत का?

मी घेत नाही, आणि घेऊ नका असेच सांगेन. बाजारात नकली ठशांचा सुळसुळाट आहे: साध्या जुन्या चमच्यावर नवा गरुड उमटवून दसपट भाव लावतात. जर्मनीत अशी चिन्हे जाहीरपणे मिरवण्यावर फौजदारी कायद्याच्या ८६अ कलमाने बंदी आहे, अभ्यास आणि कला असे मोजके अपवाद सोडून.

इतिहासाचा ठसा हवाच असेल तर हॉटेले, आगबोटी आणि रेल्वेचे संच शोधा. हापाग आणि नॉर्डडॉयचर लॉइड या जहाज कंपन्यांचे, किंवा १९१६ मध्ये निघालेल्या मिट्रोपा या रेल्वेच्या भोजनडब्यांच्या कंपनीचे. हॉटेलाचा माल जाड आणि दणकट असतो, कारण त्याला रोज शेकडो हात लागत.

काळे का पडते? पावसाळ्यात तर फारच.

हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन काळा थर बसतो. दमट हवेत हे वेगाने होते, म्हणून कोकणपट्टीत आणि मुंबईत जून ते सप्टेंबर जास्त जपावे लागते. अंडे, मोहरी, कांदा यांतही गंधक असते. मीठ त्याहून वाईट: ओले मीठ चांदीला खड्डे पाडते. म्हणून जुन्या मीठदाण्यांच्या आत काचेची वाटी असते.

ठेवताना जुन्या, खळ नसलेल्या, धुतलेल्या सुती साडीचा तुकडा गुंडाळावा. रबरबँड कधीही लावू नये, त्यातल्या गंधकाने काळी रेघ उठते. लोकर आणि वर्तमानपत्रही नको.

साफ कसे करायचे?

आपल्याकडे चांदीची भांडी रांगोळी, विभूती, टूथपेस्ट असे काहीही लावून घासतात. घन चांदी ते सोसते. मुलामा सोसत नाही, प्रत्येक घासण्यात थोडा थोडा जातो. पितळ-तांब्याच्या पावडरी आणि चिंच तर लांबच ठेवा.

सौम्य उपाय असा: पसरट भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, वर चमचे ठेवा, खाण्याचा सोडा भुरभुरा आणि कडकडीत पाणी ओता. काळेपणातले गंधक ॲल्युमिनियमकडे जाते, चांदी जागेवर राहते. एक-दोन मिनिटांत काढा, धुवा, लगेच कोरडे करा. यात पोकळ मुठीच्या सुऱ्या बुडवू नयेत, आतले लुकण गरम पाण्याने सुटते. आणि नक्षीच्या खाचांत कारखान्यानेच मुद्दाम काळी छटा ठेवली असेल, तर तीही निघून जाईल. अशा वस्तू नुसत्या मऊ कापडाने पुसा.

डिशवॉशर?

जुन्या संचाला नाही. सुऱ्यांना तर मुळीच नाही.

मुलामा गेला आहे. पुन्हा चढवून घ्यावा का?

रोज वापरायचा साधा संच असेल तर जरूर. मुंबई-पुण्यात मुलाम्याचे कारागीर आहेत. मात्र 'चकचकीत करून द्या' एवढेच सांगून वस्तू सोपवू नका. चांदी किती ग्रॅम चढणार, हे विचारा. आधी पॉलिशच्या चाकावर किती घासणार, तेही विचारा. नक्षीच्या कडा त्या चाकावर मरतात, मुलाम्याने नव्हे. घरच्या घरी लावायच्या मुलाम्याच्या द्रवाने क्षणभर चमक येते, थर असा बसत नाही. वीजमुलाम्यात सायनाइडची द्रावणे वापरतात, त्यामुळे तो घरी करण्याचा विचारही नको.

आर्ट नूव्होच्या चांगल्या तबकाला हात लावू नये. झिजलेला मूळ मुलामा नव्या मुलाम्यापेक्षा जाणकारांना जास्त प्रिय असतो. ब्रिटानिया धातू कमी तापमानाला वितळतो, त्याची डागडुजी अनुभवी हातांतच द्यावी.

हे वापरायचे की कपाटात ठेवायचे?

वापरायचे. रोज वापरलेली आणि धुतलेली चांदी कपाटातल्या चांदीपेक्षा कमी काळी पडते. जर्मन सूपच्या डावाने आमटी वाढून पाहा, वजन आणि तोल हाताला लगेच कळतो. केकच्या काट्यांनी साटोरी किंवा सुरळीची वडी छान खाता येते. लोणचे, लिंबू आणि मीठ यांत चमचा रात्रभर बुडवून ठेवू नये, इतकेच पथ्य. गाभा उघडा पडलेला चमचा मात्र तोंडात घालण्यासाठी वापरू नये, विशेषतः निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी.

गुंतवणूक म्हणून कसे?

नको. मोडीत जवळजवळ काही मिळत नाही, पावणेचार ग्रॅम चांदी काढण्याचा खर्च सराफाला परवडत नाही. उलट या अनास्थेमुळेच जर्मनीत सुंदर संच अजून सामान्य माणसाच्या आवाक्यात आहेत. नव्या पिढीला डिशवॉशरमध्ये जाणारे स्टील हवे असते आणि आजीची पेटी जुन्या बाजारात येते.

भारतात काय सापडते? आणताना-नेताना काही नियम?

चोर बाजारातला मुलाम्याचा माल प्रामुख्याने इंग्रजी असतो, त्यावर ई.पी.एन.एस. ही रोमन अक्षरे दिसतात. तोही विजेचा मुलामाच, गाभा तोच. जर्मन नग अधूनमधून निघतो, म्हणून ठसे पाठ असलेल्याचा फायदा.

जर्मनीहून आणताना सुऱ्या आणि काटे विमानात सोबतच्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या सामानात टाका, आणि खरेदीची पावती जवळ असू द्या. भारतातून परदेशी नेताना अधिक जपावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तींना देशाबाहेर नेता येत नाहीत. शंका असेल तर वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा.

सुरुवात कुठून करावी?

केकच्या सहा काट्यांपासून. लहान असतात, सहज मिळतात, लगेच वापरात येतात आणि ठसे वाचायचा सराव होतो. मग एकच नमुना निवडून चहाचे चमचे, मग जेवणाचे. सुऱ्या सगळ्यांत शेवटी घ्या, कारण त्यांच्यातच दोष जास्त दडलेले असतात. जर्मनीत असाल तर सोलिंगेनच्या ग्रेफ्राट भागातले पात्यांचे संग्रहालय एक दिवस काढून पाहा. तिथे तलवारींच्या जोडीला काटे-चमच्यांचा फार मोठा संग्रह आहे. बर्लिनला सतरा जून मार्गावरच्या आठवडाअखेरच्या बाजारात सकाळी लवकर जा, खिशात दहापट दाखवणारे भिंग ठेवा, आणि पहिल्या फेरीत काहीही विकत न घेता फक्त ठसे वाचा.